शाबासकी कुणाची हवी?

1990 साली इटलीच्या अलेस्सी कंपनीने लिंबू पिळायचं एक उपकरण बाजारात आणलं. ते घडवलं होतं फिलीप स्टार्क या नामवंत फ्रेंच डिझायनरने. तीन उंच, काटकुळे पाय आणि त्यांच्यावर तोललेला, खाली निमुळता होत गेलेला ॲल्युमिनियमचा चकचकीत गोळा. अर्धं लिंबू वरून दाबून फिरवायचं, की रस ओघळत खाली ठेवलेल्या पेल्यात पडतो. गाळणी नाही, त्यामुळे बियाही त्याच पेल्यात. दहा वर्षांनी त्याची सोन्याचा मुलामा दिलेली आवृत्ती निघाली आणि तिच्यासोबत सूचना आली की याने रस काढू नये, आम्लाने मुलामा खराब होईल. लिंबू पिळायचं यंत्र, आणि त्याला लिंबूच वर्ज्य! तरीही गेल्या शतकातल्या गाजलेल्या डिझाइनांची यादी करायला बसलं की हे नाव हमखास निघतं.

स्टार्क यांच्यावर चिडायचं कारण नाही. ज्याला ती वस्तू दिवाणखान्यात मिरवायची आहे तो ती घेतो, ज्याला सरबत करायचं आहे तो साधा चिमटा वापरतो. कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं कधी, तर हाच न्याय रेल्वेच्या नकाशाला, मतपत्रिकेला, दवाखान्यातल्या पाटीला आणि पेन्शनच्या अर्जाला लावला जातो तेव्हा. तिथे माणसाला निवड नसते. नकाशा कळला नाही म्हणून कुणी दुसरी रेल्वे शोधत नाही. माणूस चुकीच्या स्टेशनावर उतरतो आणि वर स्वतःलाच बावळट ठरवतो. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकी अभ्यासकाने 1988 साली रोजच्या वापरातल्या वस्तूंवर लिहिलेल्या पुस्तकात हेच दाखवून दिलं. ढकलायचा की ओढायचा ते न कळणारा दरवाजा, कुठली कळ कुठल्या बर्नरची ते न सांगणारी शेगडी, यांत दोष वस्तूचा असतो. माणूस मात्र तो मुकाट्याने स्वतःच्या पदरात घेतो.

तुमच्या हातातलं हे पुस्तक त्या माणसाची बाजू मांडतं. ती मांडताना डिझायनरांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्यात मात्र अर्थ नाही. हा व्यवसाय निवडणारी मुलं बहुधा संवेदनशील असतात, मेहनती तर असतातच. मग त्यांच्या हातून अशा वस्तू का घडतात? माझ्या मते याचं उत्तर शाबासकीत आहे. माणूस ज्याच्याकडून शाबासकी मिळते त्याच्यासाठी काम करू लागतो, आणि डिझायनरला शाबासकी देणारा बहुतेक वेळा दुसरा डिझायनर असतो. कॉलेजात परीक्षक डिझायनर, नोकरीला लागताना कामाची फाइल बघणारा डिझायनर, पारितोषिकाच्या समितीवरही डिझायनरच. ज्याच्यासाठी ती वस्तू घडवली, तो या साखळीत कुठेच नाही.

शिवाय या दोघांचं बघणंच निरनिराळं. व्यवसायबंधू वस्तू पाहतो ती नवीकोरी, पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढलेल्या फोटोत, निवांतपणे. वापरणाऱ्याच्या वाट्याला ती येते जुनी, मळलेली, गर्दीत, घाईत, एका हातात पिशवी असताना. पहिल्याला ती एकदा आवडली की काम झालं. दुसऱ्याला ती हजाराव्या वेळीही चालावी लागते आणि बिघडली तर गावात दुरुस्त व्हावी लागते. खरं तर चांगली जमलेली वस्तू त्याच्या नजरेतच भरत नाही, कारण त्याचं लक्ष वस्तूकडे नसतं, स्वतःच्या कामाकडे असतं. असा माणूस पत्र पाठवून कौतुक कळवणार नाही. त्याची पसंती कळते ती एवढ्यावरूनच की तो कुठे अडखळला नाही.

न्यू यॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या नकाशाची गोष्ट या बाबतीत पुन्हा पुन्हा सांगण्यासारखी आहे. 1972 साली तिथे नवा नकाशा निघाला. तो मूळच्या इटालियन मासिमो विन्येली यांचा. प्रत्येक मार्गाला स्वतंत्र रंग, प्रत्येक स्टेशनाला एक ठिपका, आणि सगळ्या रेघा एक तर सरळ नाही तर बरोबर 45 अंशांत वळणाऱ्या. आजही डिझाइनच्या वर्गात तो आदराने दाखवला जातो, आणि दाखवावाच. एवढं गुंतागुंतीचं जाळं इतक्या स्वच्छपणे मांडणं येरागबाळ्याचं काम नाही.

प्रवाशांना मात्र तो पचला नाही. सेंट्रल पार्क ही लांबलचक, उभी बाग या नकाशात जवळपास चौकोनी झाली, आणि तीही करड्या रंगात. पाणी निळं नव्हतं. ब्रॉडवेवरचं पन्नासाव्या रस्त्याचं स्टेशन आठव्या अव्हेन्यूच्या पूर्वेला आहे, नकाशात ते पश्चिमेला गेलं. नकाशाच्या तर्काने यात चूक नव्हती, कारण त्याला फक्त स्टेशनांचा क्रम सांगायचा होता. पण न्यू यॉर्कचा माणूस आपलं शहर रस्त्यांच्या आकड्यांनी ओळखतो. कितव्या रस्त्यावर, कुठल्या अव्हेन्यूला, हे त्याच्या डोक्यात पक्कं असतं. स्टेशनातून वर आलं की कुठल्या दिशेला चालायचं, हा त्याचा पुढचा प्रश्न, आणि नकाशा तिथे त्याची दिशाभूल करत होता. 1979 साली तो गेला. त्याच्या जागी आलेल्या नकाशात बागा हिरव्या झाल्या, पाणी निळं झालं, मुख्य रस्ते आले आणि देखणेपण बरंच कमी झालं.

गंमत अशी की विन्येलींच्या पद्धतीचा नकाशा लंडनमध्ये चाळीस वर्षं आधीच लोकांनी उचलून धरला होता. तो काढणारा हॅरी बेक हा डिझायनर नव्हताच. तो लंडनच्या भुयारी रेल्वेत विजेच्या जोडण्यांच्या आकृत्या काढणारा ड्राफ्ट्समन. 1931 सालची त्याची कल्पना वरिष्ठांनी आधी नाकारली. 1933 साली छापून लोकांच्या हातात दिली, तेव्हा लोकांना ती लगेच आवडली. लंडनच्या वेड्यावाकड्या रस्त्यांचा हिशेब डोक्यात ठेवून कुणी फिरत नाही. तिथल्या प्रवाशाला गाडी कुठे बदलायची तेवढं कळलं की पुरे. एकच शैली एका शहरात चालली, दुसऱ्यात अडली. आणि 2025 साली न्यू यॉर्कने पुन्हा विन्येलींच्या वळणाचा नकाशा आणला. मधल्या काळात प्रवाशाच्या खिशात फोन आला आहे आणि रस्ते दाखवायचं काम फोनने घेतलं आहे. तेव्हा नकाशा चांगला की वाईट, या प्रश्नाला कागदावर उत्तर नसतं. तो कोण, कुठे, कशासाठी उघडतो ते आधी सांगावं लागतं.

विन्येलींच्या नकाशाच्या नेमकं उलट उदाहरण आपल्या दाराशी आहे, आणि डिझाइनच्या पुस्तकांत ते फार कमी वेळा येतं. ते म्हणजे गावचा हापसा.

साठच्या दशकातल्या दुष्काळांनंतर देशभर कठीण खडकात बोअर मारण्याचं काम जोरात सुरू झालं. त्यांवर बसवलेले हातपंप मात्र युरोप-अमेरिकेतल्या घरगुती पंपांच्या नकला होत्या. ओतीव लोखंडाचे, दिसायला भक्कम. तिकडे ते एका कुटुंबासाठी, दिवसातून थोडा वेळ चालायचे. इकडे पहाटे हंड्यांची रांग लागायची ती रात्रीपर्यंत. सांधे झिजायचे, दांडा तुटायचा, आणि ओतीव लोखंडाला गावातला वेल्डर हात लावू शकत नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर पाहणी झाली तेव्हा चारांतले जवळपास तीन पंप बंद सापडले. कागदावर पाणी पोचलेली गावं पुन्हा जुन्या विहिरीवर गेली होती.

वाट सापडली ती मराठवाड्यात आणि सोलापुरात. जालना आणि सोलापूर इथे मिशनतर्फे बोअरचं काम करणाऱ्या मंडळींनी हे मोडके पंप स्वतः दुरुस्त करता करता बदलले. सोलापूरचा पंप ऑस्कर कार्लसन या स्वीडिश माणसाने घडवला. त्यातली मेख दांड्याच्या टोकाला आहे. जुन्या पंपात दांडा आणि आतली सळई ताठ सांध्याने जोडलेली असे, त्यामुळे दांडा वर-खाली होताना सळई बाजूला ओढली जाई आणि सगळं झिजत जाई. इथे दांड्याच्या टोकाला कमानीसारखा भाग आला आणि त्यावरून सळईला धरणारी चेन आली. आता दांडा कसाही मारा, सळई सरळच उचलली जाते. अनेक सांध्यांऐवजी एकच सांधा राहिला, त्यात बंद बॉल बेअरिंग. ओतीव लोखंडाच्या जागी पोलादी पत्रा, जो कुठेही जोडता येतो. याच पंपावरून युनिसेफ, रिचर्डसन अँड क्रूडास ही सरकारी कंपनी आणि मद्रासची एक संशोधन संस्था यांनी मिळून 'इंडिया मार्क टू' तयार केला. कोइमतूर भागात, जिथे पाणी खूप खोल आहे, तिथे तो तपासला. त्याचं पेटंट घेतलं नाही. कुणीही बनवावा, फक्त प्रमाण पाळावं. म्हणून एका जिल्ह्यातल्या पंपाचा भाग दुसऱ्या जिल्ह्यातल्या पंपाला बसतो, आणि म्हणून असे लाखो पंप भारतात आणि आफ्रिकेतही उभे राहिले.

तरीही एक माणूस सुटलाच होता. खाली सिलिंडरमधला वायसर झिजला की सगळे पाइप वर काढावे लागत. त्याला तालुक्याहून गाडी, तिपाई आणि माणसं यायला हवीत. तोवर हापसा बंद. ही अडचण पुढच्या 'मार्क थ्री'ने हाताळली. पाइप रुंद केला, म्हणजे पाइप जागेवर ठेवून पिस्टन आतूनच वर ओढता येतो, आणि थोडी हत्यारं व शिकवलेली गावातलीच माणसं असली तर काम होतं. पाणी भरणारी बाई हीच वापरणारी, असं पहिल्यांदा धरलं होतं. दुरुस्ती करणाराही वापरणाराच, हे उशिरा ध्यानात आलं. या पुस्तकात ठिकठिकाणी येणारा मुद्दा हाच आहे: वस्तूचा वापरणारा कधी एकटा नसतो.

हापशाला पारितोषिक मिळावं असं त्याच्या दिसण्यात काही नाही. तसंच आपल्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयचं. जयंतराव साळगावकरांनी 1973 साली ते सुरू केलं. डिझाइनच्या विद्यार्थ्याने असं पान करून आणलं तर मास्तर लाल पेन्सिल घेऊन बसतील: किती ही गर्दी, डोळ्याला विसावा कुठे? आता ते पान पलीकडच्या ओट्यापाशी उभं राहून बघा. तारखेचा आकडा इतका मोठा की फोडणी करता करता दिसावा. सुट्टी लाल. त्याच चौकोनात बारीक अक्षरांत तिथी आणि नक्षत्र, कारण ते शोधणारी व्यक्ती जवळ येऊन, चष्मा लावूनच शोधते. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ, कारण त्या घरात कुणीतरी उपाशी आहे. आणि एवढं सगळं असूनही चौकोनात बॉलपेनाने लिहायला जागा उरते: दूध आलं नाही, सिलिंडर लावला, बाई सुट्टीवर. महिनाअखेरीला याच नोंदींवरून दूधवाल्याचा हिशेब होतो. ही गर्दी दुरून आणि जवळून अशा दोन अंतरांवर लावलेली आहे. दिवाळीला कंपन्या भेट देतात ती देखणी कॅलेंडरं, जाड कागदावर पानभर छायाचित्र आणि तळाशी फिकट करड्या अक्षरांतल्या तारखा, ती बैठकीच्या खोलीत जातात. तारीख बघायला सगळे स्वयंपाकघरात येतात.

इथवर वाचून असं वाटेल की सामान्य माणसाबद्दल कळवळा असला की झालं. तेवढ्याने भागत नाही. अमेरिकेतल्या 2000 सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडा राज्याच्या पाम बीच काउंटीत जे झालं, ते कळवळ्यापोटीच झालं. त्या भागात वृद्ध मतदार पुष्कळ, म्हणून मतपत्रिकेवरची अक्षरं मोठी करायचं ठरलं. मोठ्या अक्षरांत सगळे उमेदवार एका स्तंभात मावेनात, म्हणून नावं समोरासमोरच्या दोन पानांवर गेली आणि भोकं पाडायची जागा मधे आली. डावीकडे दुसरं नाव अल गोर यांचं, पण वरून दुसरं भोक उजवीकडच्या पॅट ब्युकॅनन यांचं. काउंटीत एकोणीस हजारांवर मतपत्रिका अध्यक्षपदासाठी एकाहून जास्त भोकं पडल्यामुळे बाद झाल्या. जॉर्ज बुश यांनी ते राज्य 537 मतांनी जिंकलं आणि त्याबरोबर अध्यक्षपदही. अक्षर वाचता येईल का, हा विचार झाला होता. वाचून झाल्यावर हात कुठे जाईल, हा राहून गेला.

आपल्याकडे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, 1951च्या जनगणनेनुसार, साक्षरता होती 18 टक्क्यांच्या आसपास. म्हणून नावाच्या जोडीला चिन्ह आलं: बैलजोडी, झोपडी. चिन्ह असलेली पेटीच प्रत्येक उमेदवाराला वेगळी दिली गेली. पुढे मतदान यंत्र आलं. ते पहिल्यांदा वापरलं गेलं 1982 साली केरळमधल्या परूर मतदारसंघात, आणि नंतर त्याचं आजचं रूप घडवण्यात पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक डिझाइन केंद्रातले प्राध्यापक ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांचा हात होता. त्यावर प्रत्येक उमेदवाराचं नाव, चिन्ह आणि निळं बटण एकाच ओळीत, आणि अशा ओळी एकाखाली एक. बटण दाबलं की त्याच ओळीत लाल दिवा लागतो आणि लांब 'बीप' वाजतो. तो आवाज मतदारासाठी आहे तसा खोलीतल्या कर्मचाऱ्यांसाठी आणि पक्षांच्या प्रतिनिधींसाठीही आहे. मत पडलं, पुढच्याला पाठवा. पडद्याआड न डोकावता सगळ्यांना कळावं, असा हा बंदोबस्त. यंत्राच्या विश्वासार्हतेवरचे वाद वेगळे, ते इथे सोडवायचे नाहीत. मतदाराचा हात कुठे जाईल, एवढ्यापुरतं मात्र ते पाम बीचच्या कागदापेक्षा कितीतरी शहाणं आहे.

मग हे शहाणपण येतं कुठून? "लोकांना विचारा" हे सोपं उत्तर झालं. लोक सौजन्याने "छान आहे" म्हणतात, किंवा जे आधी पाहिलंय तेच मागतात. विचारण्यापेक्षा बघणं जास्त कामाचं. भाजीवाल्याला विचारलं असतं की पैसे घ्यायच्या ॲपमध्ये काय सुधारायचं, तर तो म्हणाला असता, अक्षरं मोठी करा. त्याच्या गाडीपाशी संध्याकाळी उभं राहिलं तर दिसतं ते निराळंच. एका हातात तराजू, दुसऱ्या हातात कोथिंबीर, समोर तीन गिऱ्हाइकं, आणि प्रत्येक जण फोन नाचवत "गेले बघा" म्हणतोय. तिथे फोनचा पडदा कितीही सुधारला तरी त्याच्याकडे बघायला डोळे मोकळे नाहीत. कान मात्र मोकळे आहेत. रक्कम मोठ्याने सांगणारी ती छोटी पेटी आज टपरीटपरीवर बोलते, ती यामुळेच.

एक आक्षेप अपेक्षित आहे. सगळं काम रोजच्या गरजेला जुंपलं तर सौंदर्याचं काय, नव्या प्रयोगांचं काय? आक्षेप रास्त आहे. व्यवसायबंधूंची नजर नको असं इथे कुणी म्हणत नाही. अक्षराचं वळण, रंगांचा तोल, कागदाची निवड यांची पारख त्यांनाच असते, आणि त्या पारखीशिवाय काम ढिसाळ होतं. ज्याला आपण सामान्य माणूस म्हणतो त्यालाही देखणं आवडतं. घरापुढे रांगोळी काढणाऱ्या आणि ट्रकच्या मागे मोर रंगवून घेणाऱ्या समाजाला सौंदर्याचं वावडं आहे असं कोण म्हणेल? प्रश्न एवढाच की दोन शाबासक्यांमध्ये टक्कर झाली तर कुठली सोडायची. लिंबू पिळायच्या यंत्राला ती सवलत देता येते. हापशाला देता येत नाही.

पुढचे लेख याच कसोटीवर बेतलेले आहेत. काही छपाईबद्दल आहेत, काही यंत्रांबद्दल, काही मोबाइलच्या पडद्याबद्दल, आणि काही सरकारी अर्जांबद्दल, जे आपल्याकडचं सर्वांत जास्त वापरलं जाणारं आणि सर्वांत कमी लक्ष दिलेलं डिझाइन आहे. त्यांत परस्परविरोधी मतं सापडतील. ती मुद्दाम तशीच ठेवली आहेत, कारण न्यू यॉर्क आणि लंडनचं जसं एकमेकांशी जमलं नाही, तसंच एका वाचकाला पटलेलं दुसऱ्याला पटेल असं नाही. पुस्तक डिझाइनच्या विद्यार्थ्यांपुरतं मात्र मानू नये. शाळेची सूचना लिहिणारे शिक्षक, सोसायटीची नोटीस लावणारे सेक्रेटरी, औषधाच्या पाकिटावर "सकाळ-संध्याकाळ" लिहून देणारे औषधविक्रेते, हे सगळे रोज कुणासाठी तरी डिझाइन करत असतात.

या सर्वांना एकच छोटा प्रयोग सुचवतो. काम झालं की ते जाणकार मित्राला दाखवण्याआधी, ज्याच्यासाठी केलं त्याच्यासारख्या माणसाच्या हातात द्या आणि गप्प बसा. तो अडेल, चुकीचं बटण दाबेल, कागद उलटा धरेल. तुमच्या जिभेवर येईल, "अहो, तसं नाही, इथे बघा." ते वाक्य गिळा आणि तो जिथे अडला ती जागा टिपून ठेवा. वस्तू त्याच्या घरी जाईल तेव्हा समजावून सांगायला तुम्ही तिथे नसाल. जे तुम्हाला तोंडाने सांगावंसं वाटलं तेवढं काम अजून वस्तूत व्हायचं बाकी आहे.